पुजलेलं मशीन

रुद्राणीनं दोरी उचलली, मान खाली घातली आणि ती सरळ आत गेली. दोरीला टांगलेली 'हात लावू नये'ची पाटी तिच्या पाठीमागं झुलत राहिली.

"अवो बाई! अवो, कुटं निगाला?" शिपाई धोंडीराम स्टुलावरून उठला. "तितं जायचं न्हाय. भाईरूनच बघायचं आसतंय की."

"बाहेरून काय बघू? माझंच घर आहे ते."

ते काही खोटं नव्हतं. तंत्रशाळेच्या संग्रहालयातल्या त्या कोपऱ्यात तिच्या साखर पेठेतल्या घराची माडीच जणू उचलून आणली होती. तिच्या नवऱ्याचं, बसप्पा इंजिनिअरचं टेबल, व्हॉल्व्हचे खोके, मीटर, खुंटीवरचा खाकी कोट. मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी विजेची पेटी बसप्पानं याच टेबलावर तयार केली होती, आणि गावातल्या बऱ्याच कारखान्यांत ती अजून चालत होती. दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात तो गेला. रुद्राणी अक्कलकोटला माहेरी होती, तेवढ्यात दिरानं अख्खी खोली संग्रहालयाला देऊन टाकली. दिराच्या मनात वाईट नव्हतं. भावाचं नाव राहावं, एवढंच त्याला वाटलं.

रुद्राणीचीही तक्रार नव्हती. ठेवा म्हणे सगळं. फक्त टेबलाच्या डाव्या कडेला स्क्रूनं बसवलेलं, हातानं फिरवून तार गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन तेवढं परत द्या. ते तिचं होतं. पेटी बसप्पाच्या डोक्यातून निघाली खरी, पण तिच्यातली तांब्याच्या तारेची कॉइल रुद्राणीच गुंडाळायची. बसप्पाच्या हातात केसासारखी तार टिकायचीच नाही. तार तुटली की तो चिडायचा, आणि चिडला की पुन्हा तुटायची. शेवटी रुद्राणी त्याला उठवून स्वतः बसायची. आता मशीनपुढं छापील पाटी होती, 'कै. बसप्पा यांचे वाइंडिंग यंत्र'.

आरडाओरडा ऐकून संग्रहालयाचे प्रमुख नरसय्या बाहेर आले. रुद्राणीला पाहून त्यांनी कपाळावरून हात फिरवला. याआधीही ती येऊन गेली होती.

"बाई, मागच्या खेपेला सांगितलं ना? एकदा इथं आलेली वस्तू बाहेर जात नाही. त्याला कमिटी बसावी लागते."

"बसू दे की. उठती कधी, तेवढं सांगा."

धोंडीराम हसला, आणि साहेबांनी बघितल्यावर खोकू लागला.

रुद्राणीनं पिशवीतून एक काळीठिक्कर पडलेली कॉइल काढली आणि नरसय्यांच्या तळहातावर ठेवली.

"वास घ्या."

"जळलीय."

"अशा दारात येऊन पडल्यात. कारखानेवाले म्हणतात, दुरुस्त होत नसतील तर पेट्या काढून भंगारात घालतो. मी बाटलीवर गुंडाळून बघितलं, लाटण्यावर गुंडाळून बघितलं. थर नीट बसत नाहीत, पुन्हा जळतात. तुम्ही इथं त्यांचं टेबल पुसत बसा साहेब, तिकडं त्यांचं काम भंगारात चाललंय. आणि माझे हात रिकामे. ते मला सोसत नाही."

नरसय्यांनी कॉइल उलटसुलट करून पाहिली. माणूस मनानं चांगला, पण भित्रा. मागावर बसणाऱ्यांच्या घरातला हा पहिलाच नोकरदार. वस्तू आपल्या हातून बाहेर गेली तर बालंट आपल्यावर येईल, ही धास्ती त्यांना झोपेतही असायची.

"असं करू," ते म्हणाले. "पाटीवर तुमचं नाव घालतो. चांगल्या मोठ्या अक्षरांत."

"पाटी काय वाइंडिंग करती?"

रुद्राणीनं थोडा वेळ मशीनकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बरं, नका देऊ. आज खंडेनवमी आहे. पूजा तरी करू द्या."

नरसय्यांचा जीव भांड्यात पडला. पूजेला कोण कशाला नाही म्हणेल? त्यांच्या घरीही सकाळीच माग पुसून पुजला होता, आणि आई, कमलम्मा, कुणाला त्याच्या आसपासही फिरकू देत नव्हती. सुंठीवाचून खोकला जात असेल तर बरंच, असं मनाशी म्हणत त्यांनी धोंडीरामला पाणी आणायला पिटाळलं.

"पाणी मशीनवर नको हं बाई, गंजेल."

"मला सांगताय होय?"

तिनं ओल्या फडक्यानं टेबलाची कड पुसली. मशीन कोरड्या पदरानं पुसलं, मुठीपासून चाकापर्यंत, बाळाचं अंग पुसावं तसं. विभूतीची बोटं ओढली, झेंडूचं फूल वाहिलं, गूळखोबरं ठेवलं. शेजारच्या मीटरला, पकडींना ती शिवलीसुद्धा नाही.

धोंडीरामला राहवलं नाही. "आन मालकांच्या हत्यारास्नी फूल न्हाय व्हय?"

"त्यांची ते पुजायचे. माझं मी." एवढं बोलून तिनं मशीनवरचं फूल सरळ केलं. "दर वर्षी म्हणायचे, तुझं मशीन माझ्यापेक्षा जास्त नटतंय. चेष्टेखोर मेला!"

तिनं डोळे पुसले आणि दोघांच्या हातावर प्रसाद ठेवला. नरसय्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला.

"उद्या किती वाजता येऊ?" रुद्राणीनं विचारलं.

"उद्या? उद्या दसरा. बंद असतं."

"बंद कसं? आज पुजलंय. ज्या हातानं पुजलं, त्याच हातानं उद्या सकाळी चालवायला नको? तुमच्यात नाही का तसं?"

गूळ नरसय्यांच्या तोंडात तसाच राहिला. त्यांच्यात तसंच होतं. दसऱ्याला अंघोळ झाली की कमलम्मा आधी मागावर बसायची, वीतभर तरी विणायची, मगच चूल पेटायची. एका वर्षी ती तापानं फणफणली होती, तर वडिलांनी तिला उचलून मागावर नेऊन बसवलं होतं. पुजणाऱ्यानं चालवलं नाही तर हत्यार वर्षभर रुसतं, असं ती तेलुगूत बजावायची.

"हे आधी का नाही बोललात?"

"आधी बोलले असते तर पूजा करू दिली असती?"

त्या दिवशी पहिल्यांदाच ती हसली. मग पिशवी काखेत मारून, दोरीखालून वाकून निघून गेली.

नरसय्यांनी मशीनवरचं फूल काढायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"आता वं, साहेब?" धोंडीरामनं विचारलं.

"काय वं? कुलूप लाव," नरसय्या खेकसले.

दसऱ्याच्या सकाळी रुद्राणीनं तारेचं रीळ पिशवीत टाकलं. संग्रहालय बंद असलं तर पायरीवर बसायचं, पण हलायचं नाही, असं तिचं ठरलं होतं. तिनं दार उघडलं, तर समोर नरसय्या सायकल धरून उभे. घामाघूम. कॅरिअरवर कोऱ्या टॉवेलात बांधलेलं मशीन होतं, आणि त्यावरचं फूल सुकलं होतं तरी जागचं हललं नव्हतं.

"अगबाई! आणि तुमची कमिटी?"

"बसेल तेव्हा बसेल. मी देऊन टाकलं म्हणून सांगेन, काय व्हायचं ते होईल." नरसय्यांनी घाम पुसला. "आईला रात्री सगळं सांगितलं. सकाळी तिनं मला मागाजवळ उभंसुद्धा केलं नाही. म्हणाली, एका बाईचं पुजलेलं हत्यार कोंडून आलास, आणि माझ्या घरात दसरा करतोस?"

रुद्राणीनं मशीन पोटाशी धरून उतरवलं आणि ओट्यावर ठेवलं.

"घाईत स्क्रू तिथंच राहिले, अक्का," नरसय्या ओशाळून म्हणाले.

"मग बघत काय उभे राहिलात? दाबून धरा की दोन्ही हातांनी!"

नरसय्या ओट्यापुढं उकिडवे बसले आणि त्यांनी मशीन दाबून धरलं. रुद्राणीनं तार ओवली, मूठ धरली आणि चाक फिरवलं.

संग्रहालयातल्या त्या टेबलाच्या डाव्या कडेला आता नुसती स्क्रूची भोकं आहेत. कुणी त्या जागेकडं बोट करून विचारलंच, तर धोंडीराम स्टुलावरून न उठता सांगतो, "ते व्हय? ते कामाला गेलंय."