न पुसलेला चुना

मार्चमध्ये आमच्या उपकेंद्रात तो कागद आला. तोंडात काही संशयास्पद दिसलं, की त्याच दिवशी भिवंडीला, पुढची सोय लावणाऱ्या माधवी मॅडमना फोन. सात दिवसांत तुकडा काढून तपासणीला पाठवायचा, चौदाव्या दिवसापर्यंत उपचार ठरलेला. सगळ्यांसाठी एकच वाट, दिवस मोजून.

"आणखी एक कागद," आमची आशा सेविका सुवर्णा म्हणाली. "आता कॅन्सरपण आपल्याला विचारून वाढणार."

मी हसले. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच नर्सच्या ड्युटीवर रुजू झाले होते. जागृती सहा महिन्यांची. दिवस मोजायला मला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

तोंड तपासणीचा पहिला कॅम्प अंबाडीपलीकडच्या पाड्यावर. झाडाखाली खुर्ची, माझ्या हातात टॉर्च. रांगेत शेवटची ठकुबाई, वीटभट्टीवर जाणारी. तिच्या डाव्या गालाच्या आत काहीतरी पांढरं दिसलं.

"हे काय गं, मावशी?"

"चुना हाय, बाय. तमाखूसंगं मळलेला. तू बोलावलंस म्हनून थुकून आले."

"बघ, केवढा मान देते तुला," सुवर्णा म्हणाली. बायका हसल्या. माझी छाती दुधानं भरून आली होती, गाडीही निघायची होती. फॉर्मवर 'संशयास्पद'समोर मी 'नाही'वर खूण केली.

घरी येऊन जागृतीला पाजलं. मग बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून तिची जीभ पुसली, रोज पुसते तशी. दुधाचा पांढरा थर फडक्यावर आला, खाली गुलाबी जीभ. तिनं माझं बोट हिरड्यांत धरून ठेवलं, आणि माझा हात तिथंच थांबला.

चुनाही असाच पुसला गेला असता. मी पुसून पाहिलंच नव्हतं.

सकाळी सुवर्णाला घेऊन पुन्हा पाड्यावर गेले. ठकुबाई कामावर निघाली होती.

"काल झालं ना, बाय?"

"माझं चुकलं, मावशी. दोन चुळा भर, मग जा."

तिनं चुळा भरल्या. मी गॉजनं गाल पुसला. एकदा, दोनदा. डाग हलला नाही. कडेला लालसर होतं.

"न्हाय जात ना?" तिनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं. "गंगूला माझ्याबिगर कोन हाय? पोर लहान हाय अजून."

मी तिथूनच फोन लावला. डावा गाल, आतून, पुसलं जात नाही. काल 'नाही' लिहिलंय, तेही सांगून टाकलं.

"खोडू नका," माधवी मॅडम म्हणाल्या. "खाली आजची तारीख घाला. आजपासून आपले दिवस सुरू."

गेल्या वर्षी अशाच एका बाईला मी चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं होतं. ती कुठल्या खिडकीपर्यंत पोहोचली, मला कधीच कळलं नाही.

या वेळी चौथ्या दिवशी गाडी पाड्यावर आली. मीही सोबत गेले. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलच्या दारात एक अनोळखी मुलगी उभी होती.

"ठकुबाई ना? या, तुमचीच वाट बघतोय."

ठकुबाई माझा हात धरून कुजबुजली, "ही मला कशी वळखते?"

आत डॉक्टरांनी टॉर्च घेतला आणि न विचारता थेट डावा गाल बघितला. मी पाड्यावरून फोनवर बोललेले तेवढे शब्द आमच्या आधी इथं येऊन थांबले होते. एकमेकांना कधी न भेटलेली इतकी माणसं, आणि मधे एक वीटभट्टीवरची बाई, हातोहात पुढे जाणारी.

त्या दिवशी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. कॅन्सर होता, पण लहान. तेराव्या दिवशी ऑपरेशनची तारीख मिळाली. कॅन्सर गळ्यातल्या गाठींपर्यंत गेलेला नव्हता.

ऑपरेशन होऊन काही महिने झाले. परवा पुन्हा कॅम्प होता. ठकुबाई माझ्या खुर्चीशेजारी पाण्याची कळशी घेऊन बसली होती. बोलणं अजून जरा जड आहे, पण धाक पूर्वीचाच.

"आधी चूळ भर," प्रत्येकीला सांगत होती. मग माझ्याकडे वळून, "तू पन पुसून बघ गं, बाय."

मी पुसून बघत होते. एकेक गाल.