संजीवन प्रजासत्ताकातील पहिले अपील

सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी कहकशा शेख यांचे नागरिकत्व रद्द झाले. फोनवर एवढेच दिसले की रामेश्वर गाडेकर यांनी त्यांना काढून टाकले आहे.

'संजीवन प्रजासत्ताक' हा क्रांती चौकापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या संजीवन कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप. सव्वीस जानेवारीपर्यंत त्याचे नाव 'संजीवन कॉलनी पाणी' होते. नाव बदलले, सदस्यांचे नागरिक झाले. काम तेच राहिले. कॉलनीत आठवड्यातून एकदा, बुधवार ते शुक्रवारमध्ये कधीही पाणी येते. लाइनमन सखाराम साधारण अर्धा तास आधी ग्रुपवर वेळ टाकतो. नळ पाऊण तास चालतो; मोटार वेळेत लावली नाही तर पाणी हातचे जाते.

कहकशा घरी ओढण्या रंगवतात. गुलमंडीतल्या एका दुकानाला लग्नाच्या दोनशे ओढण्या शुक्रवारी संध्याकाळी द्यायच्या होत्या. रंग चढवून झाला होता, धुवायला पाणी नव्हते. न धुतलेल्या ओढणीचा रंग नवरीच्या अंगाला लागतो.

गाडेकर एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. सव्वीस जानेवारीच्या सुधारणेआधी ते मनाला येईल त्याला काढत. कहकशांना दोनदा काढले होते. त्यातल्या एका वेळी गाडेकरांच्या सुप्रभात संदेशाला अंगठा दिला नाही म्हणून. दोन्ही वेळा त्यांच्या पत्नी आशाबाईंनी चहा ठेवता ठेवता "घ्या हो तिला परत" म्हटले आणि कहकशा परत आल्या.

गाडेकरांची मुलगी सृष्टी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. नागरिकत्व कुणाच्या चहावर अवलंबून नसावे, असे म्हणत तिने अकरा कलमांची घटना लिहिली. चौसष्ट अंगठ्यांनी ती मंजूर झाली. चौथे कलम वडिलांनी घातले होते: लाइट बिल स्वतःच्या नावाचे हवे. सातवेही त्यांचेच: ग्रुपवरची माहिती बाहेर देणाऱ्याचे नागरिकत्व जाईल.

कहकशा गाडेकरांच्या फाटकाशी आल्या. "काका, बारा वर्षं झाली मला इथं. बिल मीच भरते."

"भरता हो. पण नाव नोमानचं आहे."

"घरमालक आहेत ना ते! सहा वर्षं झाली पुण्यात राहतात."

"ते नागरिक आहेत. शिवाय तिघांच्या अपील समितीवर आहेत."

आतून आशाबाई म्हणाल्या, "अहो, घ्या की तिला परत."

"आता माझ्या हातात नाही. लोकशाही आली."

"मग ते बटन कुणाच्या बोटाखाली हाय?"

गाडेकरांनी चष्मा पुसला.

सृष्टी बाहेर आली. "आपा, तुम्ही अपील करा. नवव्या कलमात सोय आहे. अर्जदारानं स्वतः ग्रुपवर टाकायचं."

"बेटा, मला तर काढलंय. ग्रुपवर कसं टाकू?"

सृष्टीने घटना पुन्हा वाचली. मग स्वतःच्या फोनवरून, कहकशांच्या वतीने अपील टाकले. ही पद्धत वैध आहे का, यावर मंगळवार गेला.

कहकशांच्या खाली तळमजल्यावर राहणाऱ्या भामाबाईंनी तोड काढली. "मेसेज आला की म्या ताट बडवते. ताट बडवायला नागरिकत्व लागत नाय."

"भाभी, तुमचं बी जाईल."

"जाऊ दे. लई बघितले असले कंट्रोलर."

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारले, ताटाचा आवाज ही माहिती आहे का? गाडेकरांनी भामाबाईंना नोटीस काढली. भामाबाईंनी आवाजी संदेश टाकला, "माझं ताट, माझा हात." पण घरात सून बाळंत झालेली, पाण्याशिवाय एक दिवस चालणार नव्हता. बुधवारी सकाळी त्यांनी ताट फळीवर ठेवले आणि कहकशांकडे न बघता दार लावले.

बुधवारी पाणी आले नाही. गुरुवारी समितीचे मतदान झाले. सृष्टी बाजूने, गाडेकर विरोधात. तिसरे मत नोमान यांचे. कहकशांनी त्यांना फोन केला.

"कौन सा ग्रुप, आपा? अच्छा वो! म्यूट पे डाला है मैंने."

"भाई, बस एक 'हो' लिखना है."

"देखता हूँ. मीटिंग में हूँ."

गुरुवारीही पाणी आले नाही.

शुक्रवारी सकाळी दुकानदाराने कहकशांना बोलावून घेतले. एक दिवसाची मुदतही मागायची म्हणून त्या निघाल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्या गुलमंडीत, दुकानाच्या बाकावर बसल्या होत्या. तिथून रिक्षाने घरी यायला वीस मिनिटे लागतात.

त्याच मिनिटाला सखारामचा संदेश आला: "साडेअकराला सोडतो." त्रेसष्ट अंगठे पडले. कॉलनीतल्या मोटारींना पाइप लागू लागले. भामाबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होती.

अकरा वाजून सात मिनिटांनी ग्रुपवर नोमान यांच्या नावापुढे 'टाइप करत आहे' असे दिसू लागले. अकरा वाजून अकरा मिनिटांपर्यंत मजकूर आलेला नव्हता; कहकशा अजून गुलमंडीतल्या बाकावरच होत्या.