काठोकाठ भरलेला ग्लास

"उद्या माझा वाढदिवस आहे. आपण दोघं चंद्रपूरले जाऊन येऊ," असं लहानू म्हणाला, तेव्हाच मनकर्णाच्या मनात पाल चुकचुकली. वाढदिवस म्हणे! एक जून ही शाळेत मास्तरांनी लिहून टाकलेली तारीख. त्या दिवशी अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो आणि आजवर कुणी कुणाला साधा पेढा दिलेला नाही. मग या म्हाताऱ्यालाच कुठून पुळका आला?

त्यातून जायचं कुठे, तर चंद्रपूरला. वैनगंगेच्या अलीकडे, गडचिरोलीत, दारू बंद; पलीकडे सुरू. मनकर्णा गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिकडून येणाऱ्याचं तोंड वेशीवर हुंगायचं, हा नियम तिचाच. वास आला, की कारण काही का सांगेना, ग्रामपंचायतीसमोर कान धरून उभं करायचं, हाही तिचाच. लहानू एकेकाळी नाटकमंडळीत ऑर्गन वाजवायचा आणि प्रयोगागणिक प्यायचा. दारू सुटली तसा ऑर्गनही सुटला. त्याला चार वर्षं झाली, तरी रोज संध्याकाळी दारात "हाऽ" करून वास दिल्याशिवाय तो घरात पाय ठेवत नसे.

वडशाला गाडीत बसल्यापासून तिने डोळ्यांत तेल घातलं होतं. नागभीडला तो पाणी भरायला उतरला. परत आल्यावर तिने आधी बाटली हुंगली, मग त्याला.

"कायले एवढी शंका घेऊन राह्यली?"

"तुमी कायले एवढे खुश आहा?"

लहानू खिडकीच्या गजावर बोटं नाचवत राहिला, आणि तिचा संशय आणखीच बळावला.

चंद्रपुरात ऑटो थांबला तो थेट एका पबसमोर. मनकर्णाच्या अंगाची लाही लाही झाली. आत भर दुपारी अंधार, लाल-निळे दिवे, मंचावर ऑर्गन, आणि तबल्याशी मंडळीतला जुना जोडीदार बुधू. "आला आमचा ऑर्गनवाला!" तो माइकवर ओरडला.

"एकच गाणं वाजवतो," लहानू तिला म्हणाला. "वाढदिवसाचं एवढंच मागणं आहे. तुझ्याबिगर इथी यायची हिंमत नोती माझी."

तिने ऐकलं, पण तिला ते पटलं नाही. चोराने राखणदाराला सोबत घेऊन फिरावं, तसंच तिला वाटत होतं.

लहानूची बोटं आधी अडखळली, मग सुटली. आसपासची टेबलं गप्प झाली. एकाची दोन गाणी झाली. मनकर्णाची नजर मात्र ऑर्गनवर कुणीतरी आणून ठेवलेल्या ग्लासावर खिळली होती. शेवटी राहवेना, तेव्हा ती तरातरा मंचावर गेली आणि ग्लास उचलून हुंगू लागली. त्या खोलीत सगळंच घमघमत होतं, तिच्या नाकाला काही कळेना. म्हणून तिने घोटच घेतला. घसा पेटला, ठसका लागला आणि ग्लास पदरावर सांडला.

"दारूच आहे! याच्याचसाठी आणलं मले?"

लहानूची बोटं थांबली. "ग्लास काठोकाठ भरून होता ना, मनकर्णा," तो हळूच म्हणाला. मग त्याने वाजवलंच नाही.

परतीच्या गाडीत मनकर्णा ओला पदर खिडकीच्या वाऱ्याला धरून बसली.

वेशीवर मंडळाच्या रुखमा आणि सुकरी उभ्या होत्या. लहानूने सवयीने "हाऽ" केलं. साफ. रुखमा हसत मनकर्णाकडे वळली आणि तिचं हसू मावळलं.

"अवं, घोटभरच घेतला! यांच्या ग्लासात काय आहे ते पाहाले," मनकर्णा म्हणाली आणि तिचे कान तापले. या जागेवर उभं राहून सगळेच पुरुष घोटभर म्हणतात.

"खरं सांगून राह्यली ते," लहानू म्हणाला. "मी होतो तिथी."

"लहानूभाऊ, पेणाऱ्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवाचा नाई, असं आमाले मनकर्णाबाईनंच शिकवलं," रुखमा म्हणाली. "बाई, सकाळी ग्रामपंचायतीसमोर या."

घरी दारात लहानू थांबला. वेशीवर वास देऊन झालं होतं, तरी त्याने तोंड उघडलं. मनकर्णाला रडू कोसळलं. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नका ना करू आता."

त्याने तिचा हात बाजूला केला. "चार वर्षांनं वाजवलो," तो म्हणाला. "कसं झालं, सांग ना."

मनकर्णाने खूप आठवून पाहिलं. तिने एकही सूर ऐकला नव्हता.