दुसरा गुडघा

रोजच्यासारखीच सकाळ होती. सून सासूबाईंचा पाय धरून हळूहळू वाकवत होती. त्यांचा उजवा गुडघा नुकताच बदलला होता. ऑपरेशननंतर लगेच चालवलं तर माणूस किती लवकर सावरतो, यावर त्या रुग्णालयात संशोधन चालू होतं आणि त्यात सासूबाईही होत्या. चालवण्याचं काम मात्र सुनेकडे. ते उरकलं की धावतपळत घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जायचं आणि डोळ्याला भिंग लावून बसायचं. नाजूक घड्याळ आलं की मालक ते तिच्याच हाती देत असे.

"अगं हळू! माणूस आहे मी, पोतं नाही!" उठता उठता सासूबाईंना कळ आली आणि घाबरून त्या तिच्या गळ्यातच पडल्या. दोघी कोसळल्या. सुनेच्या अंगावर पडल्या म्हणून सासूबाई वाचल्या. सुनेचं उजवं मनगट मोडलं.

नवरा धावत आला. "आईला लागलं का?"

सासूबाईंचा गुडघा बदलणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच सुनेचं हाड बसवून प्लास्टर घातलं. "मी सांगेपर्यंत काढायचं नाही. या हाताने काही उचलायचंही नाही." नवऱ्याने मान डोलावली.

पुढच्याच रविवारी सासूबाईंची चाल बघायला नातेवाईक जमले. मोरीत भांड्यांचा ढीग साचला.

"एका हाताने कसं व्हायचं? काढू या ते प्लास्टर. लोक गेले की परत बांधू," नवरा म्हणाला.

"अहो, दुखतंय अजून."

"दुखत कुणाला नाही? आईकडे बघ. या वयात चालतेय!"

त्याने पत्रा कापायची कात्री आणून प्लास्टर कापलं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी नाही हो सांगितलं," एवढंच त्या म्हणाल्या.

भाताचं पातेलं उचलताना तिच्या मनगटात काहीतरी सरकलं. तिने ओठ दाताखाली धरले. पंगतीतून थोरली नणंद कौतुकाने म्हणाली, "सून असावी तर अशी. हात मोडला तरी बसून राहिली नाही."

तपासणीच्या दिवशी सासूबाई काठीशिवाय चालून दाखवत होत्या. "फारच छान!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर सुनेच्या वाकड्या मनगटावर गेली.

"मूठ वळा."

बोटं अर्ध्यावरच थांबली.

"पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. तरी पहिल्यासारखा हात होईल, असं वचन मी देणार नाही."

दुकानातली तिची जागा केव्हाच दुसऱ्याला मिळाली होती.

"हिचं बघू सवडीने," नवरा म्हणाला. "आईचा दुसरा गुडघा कधी करायचा?"

"करा की," सून म्हणाली. "या खेपेला उचला तुम्ही. मी माझं ऑपरेशन करून घेणार आणि बरी होईपर्यंत बहिणीकडे राहणार."

"अगं, लोक काय म्हणतील?" सासूबाई कळवळल्या.

"माझं हाड सरकलं तेव्हा लोक जेवत होते, आई."

ती एकटीच बाहेर पडली.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचा संशोधनाचा कागद पुढे ओढला. घरी कोण सांभाळतं, हे त्या प्रत्येक रुग्णाला विचारत आल्या होत्या. सून, बायको, मुलगी, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न. त्या सुनेचं काय होतं, हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

पुढचे आजोबा आत आले, बायकोच्या खांद्यावर सगळा भार टाकून. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं आणि आजींकडे वळून विचारलं, "तुमचं काय दुखतंय?"

उत्तर देण्याआधी आजींनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.