खाली सांभाळा

वहिनींच्या शेताचा दगडी बांध दर पावसात त्याच जागी ढासळतो आणि दर वर्षी तो मीच रचून देतो. बारा वर्षं झाली. गाव म्हणायचं, सख्खा दीरसुद्धा एवढं करत नाही हो. मी ऐकून घ्यायचो. तोंड वर करून ‘नाही’ म्हणायची सोय मी स्वतःच घालवून बसलो होतो.

वहिनी माझ्या नात्यातल्या नाहीत. त्यांचा नवरा माझा जोडीदार. एका बाकावर शिकलो, एकाच पाळकाच्या हाताखाली बाप्तिस्मा झाला, दगडावर पहिला घणही बरोबरच घातला. म्हणून त्याची बायको माझी वहिनी आणि मी भावजी. त्याला सगळे शिट्ट्या म्हणायचे. बोलायला कमी, पण दिवसभर तोंडानं शीळ चालू, तीही देवळातल्या गाण्यांची. चालही अशी बिनचूक धरायचा, की पेटी वाजवणारी बाई त्याच्याकडे बघून सूर लावायची. फक्त वेळेचं भान नव्हतं त्याला. नाताळचं गाणं उन्हाळ्यात आणि संध्याकाळचं सकाळी.

त्या दिवशीही मी बांधच रचत होतो. वहिनी पलीकडच्या वाफ्यात कांदे उपटत होत्या. ऊन चांगलंच तापलं होतं, माती पायाला चटके देत होती. वहिनी उठल्या, कमरेवर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे चालत आल्या. त्यांचे गुडघे गेलेत, वाफ्यावरून पाय टाकताना दर खेपेला तोंड वाकडं होतं.

“भावजी, कांदे आटोपले की सोमवारी निघावं म्हणते,” त्या म्हणाल्या. “खाणीकडं. ह्यांना शोधायला.”

माझ्या हातातला दगड हातातच राहिला.

आता आमच्या देवळातली पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रविवारी उपासनेच्या शेवटी ज्याला काही मागायचंय तो उभा राहून मागणं मांडतो. कोणाची गाय आजारी, कोणाच्या मुलीचं बाळंतपण. पाळक त्यावर प्रार्थना करतात आणि बाकीचे आमेन म्हणतात. आमच्या जुन्या पाळकांनी एक नियम घालून दिला होता. आमेन मनातून निघालं तरच म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं, आणि जो गप्प बसेल त्याला का म्हणून कोणी विचारायचं नाही. चांगला नियम होता. भाऊबंदकीत भांडणारे लोक एकमेकांच्या मागण्यांना गप्प बसायचे आणि भांडण मिटलं की एका रविवारी आमेन ऐकू यायचं. सगळ्या गावाला मग कळायचं.

वहिनी बारा वर्षं दर रविवारी उभ्या राहत होत्या. मागणं एकच, आमचे हे सुखरूप परत यावेत. आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन कोण म्हणायचं, तर मी. तो मेलाय हे गावात ज्या एकट्याला ठाऊक होतं, तो मी. पुढं मला मंडळीचा वडील, म्हणजे देवळाचा कारभारी केलं, देवळाची किल्ली माझ्या हातात दिली, ते याच आमेनच्या जोरावर.

गेल्या रविवारी नव्या पाळकानं उपदेश केला. तरणा पोरगा, बोलतो झकास. म्हणाला, देवानं गुडघे नुसते टेकायला दिलेले नाहीत, चालायलाही दिलेत. मागणाऱ्यानं उठून शोधायलाही निघालं पाहिजे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवलो. वहिनींनी मात्र ते अक्षरशः धरलं. त्यांचे गुडघे धड टेकायलाही उरले नव्हते, पण पाळक म्हणालाय ना, मग निघायचं.

मी म्हटलं, वाट लांब आहे. एक दिवस गाडीचा आणि अर्धा दिवस पायी. त्या म्हणाल्या, म्हणून तर तुम्हाला सांगतेय, वाट तुम्हालाच ठाऊक. मी म्हटलं, खाण बंद पडली असेल. त्या म्हणाल्या, आजूबाजूला घरं असतील, कोणीतरी शीळ ऐकली असेलच. मी म्हटलं, गुडघ्यांचं काय. त्या म्हणाल्या, गुडघे माझे आहेत, तुम्ही काळजी करू नका. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. आठवडाभर त्यांनी दुसरं काही केलंच नसावं.

“त्यांचा सदरा घेतलाय बरोबर,” त्या म्हणाल्या. “अंगावरचा आता विरला असेल.”

तो सदरा मला माहीत होता. खाणीवरून मी एकटा परत आलो त्या दिवशी तो दोरीवर वाळत होता. नवरा येणार म्हणून त्यांनी धुऊन टाकला होता. मला बघितल्यावर दारातूनच त्यांनी विचारलं होतं, “हे मागून येतायत का?” आणि मी म्हणालो होतो, “हं.” एवढंच म्हणालो होतो. वाटेत दोन दिवस मी सगळं पाठ केलं होतं, कसं सांगायचं, आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं. पण त्यांनी प्रश्नातच उत्तर काढून दिलं आणि मी ते घेतलं. चार दिवसांनी म्हटलं, पुढं दुसऱ्या कामावर गेला असेल. मग म्हटलं, तिकडून निरोप यायला वेळ लागतो. खोटं एकदा सुरू केलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. दर वर्षी हा सदरा मला त्या दोरीवर दिसायचा. अंगाला न लागलेला कपडा ही बाई धुऊन वाळत घालत होती.

मी हातातला दगड खाली ठेवला आणि म्हणालो, “वहिनी, बसा. तो सापडायचा नाही. तो तिथंच पुरलाय. मी पुरलाय.”

त्या बसल्या नाहीत. उभ्याच होत्या, म्हणून मीही उभ्यानंच सांगितलं.

रविवार होता तो. मुकादम म्हणाला, रविवारीही काम केलंत तर चार दिवस आधी घरी सोडतो. मला घाई होती, घरी कापणी पडली होती. शिट्ट्या म्हणाला, सहा दिवस दगडांना मारतोस, सातव्या दिवशी तरी सोड त्यांना. मी चिडलो. त्याला नको ते बोललो. तुझ्या शिळेवर देव खूश असेल, माझं शेत काही शिळेनं कापून होणार नाही, असलं काहीबाही. मी पहार उचलली आणि एकटाच वर कड्यावर गेलो.

खाणीत एक रीत असते. वर पहार घालून दगड सैल करणाऱ्यानं आधी खाली हाक द्यायची. खाली कोणी दिसो न दिसो, द्यायचीच. मी त्या दिवशी दिली नाही. खाली कोणी नव्हतं म्हणून नव्हे. एवढं मी आजवर देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

“मला शीळ ऐकू आली होती, वहिनी,” मी म्हणालो. “खालच्या वाटेनं येत होता. मला वाटलं, अजून लांब आहे. आणि वाटलं, येतोय मला पुन्हा शिकवायला. येऊ दे, मी त्याच्याशी बोलणार नाही. म्हणून हाक दिली नाही. पहार घातली. मग शीळ थांबली.”

तो मला शिकवायला आलाच नव्हता. हातात जेवणाचं फडकं होतं, दोघांचं. मुकादमानं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी टोळी मोडली. पण त्याच्यावर कशाला ढकलू? मला गप्प राहायला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला पुरलेल्या मातीवर उभा राहून मी प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागलो आणि ‘जशी आम्ही क्षमा केली तशी आम्हाला क्षमा कर’ या ओळीपाशी अडकलो. तशीच अर्धी सोडून आलो.

वहिनी ऐकत होत्या. रडल्या नाहीत. हातातल्या कांद्याची माती अंगठ्यानं काढत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “कोणतं गाणं होतं?”

“संध्याकाळचं.”

“सकाळी?”

“सकाळी.”

“नेहमीचंच,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “ती हाक काय असते?”

“खाली सांभाळा.”

“अशी नाही. देतात तशी द्या.”

मी दिली. खाणीत देतात तशी, पोटातून. पलीकडच्या शेतातली वाकलेली माणसं उभी राहून बघायला लागली. वहिनींनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “एवढंच.”

त्यांनी टोपली उचलली आणि वाफ्यात जाऊन पुन्हा कांदे उपटायला लागल्या. मी बांध अर्धा टाकून घरी आलो. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं मला वाढलं, स्वतः काही घेतलं नाही. ताट उचलताना म्हणाली, “आणि मी बारा वर्षं तुमच्या शेजारी बसून आमेन म्हणत होते.”

शनिवारी पाळकाकडे गेलो. त्यालाही सांगितलं. पोरगा हादरला, पण लगेच देवाची दया किती मोठी आहे ते सांगायला लागला. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी किल्ली घ्या. किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघालो.

रविवारी मी ठरवूनच गेलो होतो, मागण्यांची वेळ आली की उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. पण वहिनी सवयीप्रमाणे आधी उभ्या राहिल्या. देवळात नेहमीची कुजबुज चालू होती. त्यांचं मागणं सगळ्यांना पाठ होतं, कोण ऐकणार?

“आमचे हे गेले,” त्या म्हणाल्या. “बारा वर्षं झाली. खाणीत दगड पडला. कसा पडला ते भावजी सांगतील. ते त्यांचं आहे, मी सांगणार नाही. ह्यांच्यासाठी मागणं बंद करा आता. आजपासून भावजींसाठी प्रार्थना करा.”

कुजबुज थांबली. पाळकानं हळूच विचारलं, “काय मागायचं, मावशी?”

“ते मला विचारू नका. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी अजून काही निघत नाही. तुम्ही मागा. निघालं तर मी आमेन म्हणेन.”

त्या खाली बसल्या आणि मी उभा राहिलो. सांगितलं सगळं, शिळेसकट. सांगताना समोरच्या बाकाच्या लाकडातली एक गाठ दिसत होती, तेवढीच बघत राहिलो. मग पाळकानं प्रार्थना केली. काय मागितलं ते मला धड ऐकू आलं नाही. आमेन आलं, पण तुटक, इथून एक, तिथून एक. बरेचजण गप्प बसले. नियम आहे, का म्हणून विचारायचं नाही. माझ्या बायकोचं आलं, बारीक आवाजात. वहिनींचं आलं नाही.

सोमवारी त्या दारात उभ्या राहिल्या. हातात सदऱ्याचं बोचकं होतं. मी मुकाट्यानं चपला घातल्या. गाडीतून उतरल्यावर मी पुढं, त्या दहा पावलं मागं. खाण खरंच बंद पडली होती, सगळीकडे झुडपं माजली होती. जागा मात्र मला लगेच सापडली. डोळे झाकूनही सापडली असती. वहिनींनी सदऱ्याची घडी केली, तिथल्या दगडांखाली सरकवली आणि गुडघ्यांकडे न बघता खाली टेकल्या. मी अर्धी सोडलेली प्रार्थना त्यांनी पहिल्यापासून म्हटली. क्षमेच्या ओळीपाशी त्यासुद्धा थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग ती ओळ सोडून पुढं गेल्या आणि बाकीची पुरी केली. उठताना त्यांना आधार लागत होता. माझ्याकडे बघितलंही नाही, दगडाला धरून उठल्या.

बांध मी आल्यावर पुरा केला. त्यांनी नको म्हटलं नाही, आणि करा असंही म्हटलं नाही. मी आता शेवटच्या बाकावर बसतो. रस्त्यात काही लोक तोंड फिरवतात, त्याला माझी हरकत नाही. हलकं वाटेल असं पाळक म्हणाला होता. तसं काही वाटत नाही. फक्त दोरीवर आता सदरा नसतो.

सात रविवार झाले. दर रविवारी मागण्यांची वेळ आली की वहिनी बाकाला धरून उभ्या राहतात आणि म्हणतात, “भावजींसाठी.” एवढंच म्हणून बसतात. पाळक प्रार्थना करतो. आमेन येतं, पहिल्यापेक्षा जरा जास्त बाकांवरून. मी मान खाली घालून वहिनींच्या तिसऱ्या बाकाकडे कान देऊन बसतो.

अजून आलेलं नाही.