उघडी बंदूक

“झाकून का नेली नाहीस?” हा प्रश्न मला आजवर शंभर जणांनी विचारलाय आणि दर वेळी माझं टाळकं फिरतं. झाकून न्यायला मी काय चोरी केली होती?

आमच्या जयगडच्या खाडीकाठी रानडुकरं भातात घुसतात, म्हणून गावात दोघातिघांकडे परवान्याची ठासणीची बंदूक असायची. ती न्यायची खांद्यावर, उघडी, वाटेत भेटेल त्याला सलाम करत. गोणपाटात गुंडाळून नेतो तो चोरटा शिकारी. पोरवयापासून हेच बघत आलेलो. कर नाही त्याला डर कशाला! पण बासष्ट सालच्या कुवेतच्या पोलिसांना हे कोण सांगणार?

मी नूरुद्दीन, पडाव, म्हणजे शिडाची गलबतं, बांधणाऱ्या सुताराचा मुलगा. कुवेतच्या शुवैख भागात एका गॅरेजच्या बाजूला लाकडाचं काम करायचो. एक दिवस दूर वाळवंटातल्या वफ्र्याहून मुतलक नावाचा म्हातारा आला. बद्दू, म्हणजे वाळवंटातला माणूस. काठीसारखा ताठ, बोलणं मोजकं. त्याच्या बंदुकीचा लाकडी दस्ता फुटला होता, तारेने बांधून ठेवलेला.

“बापाची आहे,” एवढंच म्हणाला आणि ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. तान्हं पोर ठेवतात तशी.

जुन्या पडावाचं सागवान होतं माझ्याकडे. आठ दिवस घासलं, तेल पाजलं. उगाच फुशारकी नाही मारत, पण दस्ता असा बसला की सांधा नखाला लागेना. म्हाताऱ्याचा निरोप होता, मंगळवारी जाफरकडे दे. जाफर आमच्याच शेजारच्या गावचा, शर्कच्या मासळीबाजारातून वफ्र्याला ट्रक न्यायचा.

मंगळवारी बंदूक खांद्यावर टाकून निघालो. बसवाल्याने मला बघून दारच लावून घेतलं. म्हटलं, जा मेल्या, आम्हाला पाय आहेत! चालत गेलो. वाटेत चारपाच जणांना सलामही केला. एकानेही उत्तर दिलं नाही, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

मासळीबाजाराच्या तोंडाशी शिट्टी वाजली. दोन पोलीस धावत आले, एकाने बंदूक हिसकली, दुसऱ्याने माझा हात पिरगळला. मासेवाले टोपल्या सोडून मागे सरले. जाफर ट्रकवरून ओरडतोय, “अरे, सुतार आहे तो, सुतार!” ऐकतो कोण?

ठाण्यातला अधिकारी तरणा होता. त्याच्या बापाचा मुंबईला खजुराचा व्यापार, म्हणून त्याला हिंदी चांगलं येत होतं; माझं अरबी कामापुरतं.

“शहरात बंदूक घेऊन फिरायला बंदी आहे. आणि तू तर परदेशी.”

“साहेब, रिकामी आहे. दुरुस्तीला आलेली.”

“मग गुंडाळून का नेली नाहीस?”

“गुंडाळून नेली असती तर चोर ठरलो असतो.”

त्याने कागद पुढे ओढला. “शुक्रवारी मुंबईची आगबोट लागते. तिनेच तू परत जाणार.”

या अल्ला! त्याच आगबोटीत माझी सुगरा बसली होती. लग्नाला चार वर्षं झालेली आणि आम्ही एकत्र राहिलेलो मोजून तीन महिने. चार वर्षं उंबरे झिजवले तेव्हा कुठे तिच्या कागदावर शिक्का बसला. मी नसेन तर तिला उतरवून कोण घेणार? धक्क्यावरूनच परत पाठवतील, आणि मला तर पुन्हा कधीच येता येणार नाही. मी रडलो. सांगायला लाज कसली, चांगला हमसून हमसून रडलो.

जाफरने मात्र दोस्ती निभावली. ट्रक तसाच वफ्र्याला हाणला. बुधवारी सकाळी ठाण्याच्या दारात मुतलक उभा. अंगावर तोच विरलेला अंगरखा, पायांवर वफ्र्याची माती. तो आत आला आणि बाकावर बसलेले पोलीस एकेक करून उठून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. अधिकारीही उठला. मी कोठडीच्या गजांतून बघत होतो. सत्ता यांची, कुलूप यांचं, आणि उभे राहिले ते त्या फाटक्या म्हाताऱ्यापुढे!

माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, “हा माझ्या चेहऱ्यात आहे.”

शेजारच्या शिपायाने मला हळूच सांगितलं, बद्दूंची ती शपथ असते. म्हणजे याला हात लावाल तर माझ्या तोंडाला काळं फासाल.

“चाचा, तुमचा मान आहे,” अधिकारी म्हणाला. “पण आता कायदा आहे. बंदूक शहरात आली, कोणाला तरी जबाब द्यावा लागेल.”

“माझा लिहा. बंदूक माझी, हा माझा हात. हात आपल्या मनाने चालत नाही.”

“तुमच्या नावावर लिहिलं तर बंदूक जप्त होईल. परत मिळायची नाही.”

टेबलावर बंदूक पडलेली. माझ्या सागवानाचा दस्ता आणि त्याच्या बापाचं लोखंड.

मला राहवलं नाही. गज धरून ओरडलो, “नको चाचा! मी जातो परत, बंदूक न्या तुमची!”

त्याने वळून बघितलं. “चूप,” म्हणाला. मग दस्त्यावरून एकदाच हात फिरवला, जिथे जुनं आणि नवं जुळतं तिथे बोट थांबवलं. सांधा सापडला नाही तसा किंचित हसला. आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला.

अल्लाची शपथ, मी मोठी वादळं पाहिली आहेत, समुद्रात शीड फाटताना पाहिलंय. पण त्या अंगठ्यापुढे छाती दडपली तशी कधी दडपली नाही.

सुटून बाहेर आलो तेव्हा मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने दंडाला धरून उभं केलं.

“चाचा, मी कोण तुमचा? आठ दिवसांची ओळख. बापाची बंदूक दिलीत माझ्यासाठी?”

“जाफरने सांगितलं, तू भर रस्त्याने उघडी घेऊन चालत होतास. सलाम करत.”

“माझं चुकलंच, चाचा.”

“माझा बापही तिला तशीच न्यायचा,” तो म्हणाला. “तू झाकून नेली असतीस तर मी आलो नसतो.”

शुक्रवारी आगबोट लागली. मी पहाटेपासून धक्क्यावर. बघतो तर दहा पावलांवर मुतलक. म्हणाला, तुझा जामीन राहिलोय, तुझी बायको जमिनीवर पाय ठेवीपर्यंत उभा राहीन. ऊन चढलं तरी बसला नाही. मधूनच त्याचा हात उजव्या खांद्याकडे जायचा, पट्टा सावरायला, आणि रिकामाच खाली यायचा. दर वेळी मी मान खाली घालायचो.

सुगरा शिडीवरून उतरली. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात वाळवलेल्या फणसाच्या साटांचं गाठोडं. माझ्याकडे बघून हसली, रडली, आणि मग तिची नजर माझ्या मागे गेली. तिने पदर सारखा केला.

“अहो, ते म्हातारे कोण? केव्हाचे आपल्याकडे बघतायत.”

मी तिच्या हातातली पेटी खाली ठेवली आणि म्हटलं, “आधी त्यांना सलाम कर. मग सांगतो.”