बनियानातून आलेली देवी

गच्चीवर कुरडया.

एक सँडो बनियान, एकेकाळी पांढरं.

आज घरात फोडणी बंद.

म्हैस गाभण का रिकामी?

कावळे आले नाहीत, कारण कावळ्यांना ऊन कळतं.

"मोटार बंद करा!"

हे सगळं एकाच पाठीचं आहे. ती पाठ बोरीजवळच्या एका गावातल्या भारतची. बनियान फाटकं होतं, म्हणून गोष्टही भोकाभोकानं.

उजव्या खांद्याखालचं भोक

मे महिना. भारतची बायको दैवशाला आणि आई सुमनबाई यांनी पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला आणि गच्चीभर कुरडया घातल्या. राखणीला भारतला बसवलं. वानरं येतात, कावळे येतात.

"टोपी तरी घाला, आवं," दैवशाला म्हणाली.

"मला कशाला टोपी? आपुन उन्हातलीच माणसं. काळ्याला काय ऊन भाजतंय?"

भारतनं सदरा काढून उशाला घेतला. कडुलिंबाची सावली गच्चीच्या कोपऱ्यात पडली होती. तिच्यात तो पालथा झोपला. सावली थोड्या वेळानं सरकली. भारत सरकला नाही. शेतात त्याची मान आणि हात रोज तापतात, पण पाठीवर कायम सदरा. त्या पाठीला ऊन नवंच होतं.

मधलं मोठं भोक

दिवस कलल्यावर भारत जिना उतरला तो दोन्ही काखांत कलिंगडं धरल्यासारखा.

"काय झालं रे?" सुमनबाईंनी विचारलं.

"पाठ," भारत म्हणाला. "पाठ जळायलीय."

दैवशालानं बनियान काढायला घेतलं, तर तो असा ओरडला की शेजारची कुत्री उठून उभी राहिली. बनियान निघालं. सुमनबाई पाठीमागे गेल्या आणि तिथंच थांबल्या. पाठीवर गोल गोल डाग होते, तांबूस-काळे. काही बारके, काही रुपयाएवढे. मध्ये एक पापडाएवढा. उघड्या खांद्यांवर तर पाण्यानं भरलेले टपोरे फोड.

सुमनबाईंनी हळूच पायातल्या चपला काढल्या.

"आई आल्या," त्या म्हणाल्या.

"कोण आई?" भारतनं विचारलं. "तू हायेस की हितं."

"मोठ्या आई. देवी. दैवशाला, ती फोडणी खाली उतर आधी!"

वरणाची फोडणी चुलीवरून उतरली. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. अंघोळ नाही, औषध नाही, सुई तर नाहीच. देवी अंगावर असताना तिला डिवचायचं नसतं, पाहुणीसारखं वागवायचं असतं. सुमनबाईंनी लेकासमोर हात जोडले.

"तुमाला काय आणू? दहीभात खाता का?"

भारतला आयुष्यात कधी आईनं 'तुमी' म्हटलं नव्हतं. पाठ जळत होती तरी तो जरा ताठ बसला.

"भजी आणा," तो म्हणाला.

"तेल चालत न्हाई तुमाला."

"मग कसली देवी मी?"

जवळजवळची दोन भोकं

बातमी सगळ्यात आधी शेजारच्या सरजाबाईला कळली. ती नारळ घेऊन आली, भारतसमोर बसली आणि तिनं विचारलं, "आई, माझी म्हैस गाभण हाय का रिकामी?"

भारतला एव्हाना थंडी वाजायला लागली होती. मे महिन्यात तो गोधडी मागत होता. डोळे लाल, ओठ कोरडे.

"मोटार बंद करा!" तो म्हणाला.

सरजाबाईनं सुमनबाईंकडं पाहिलं. "म्हंजे रिकामी?"

"आईचं बोलणं उलगडून मागायचं नसतंय, सरजे."

सरजाबाई धावत मळ्यात गेली, मोटार बंद करून परत आली आणि पुन्हा बसली. "आता सांगा."

"बैल कपाटावर चढलाय," भारत म्हणाला, आणि भडभडून ओकला.

"आईला अन्न मानवत न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

दैवशालानं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. "आवं, दुपारधरनं लघवीला गेलात का?"

भारत विचार करत राहिला. मग म्हणाला, "कोण? बैल?"

"आत्याबाई, ह्यांना दवाखान्यात न्यावं लागतंय."

"न्हाई न्यायचं!" सुमनबाई ओरडल्या. "माझ्या भावाला देवी आल्या तवा बापानं वैद्याचं औषध चारलं. भावाचा एक डोळा गेला. माझ्या लेकाचा जाऊ देणार न्हाई मी."

दैवशाला बनियान घेऊन अंगणात गेली. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून तिनं ते बादलीत बुचकळलं, पिळलं आणि तारेवर टाकलं.

सगळी भोकं

तारेमागं बल्ब जळत होता.

समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले. काही बारके, काही मोठे. मध्ये एक पापडाएवढा. त्याच्या खाली दोन, जवळजवळ, डोळ्यांसारखे. दैवशाला भिंतीकडं बघत राहिली. ही भिंत तिनं आत्ताच कुठंतरी पाहिली होती.

ती बनियान घेऊन पळतच आत आली आणि तिनं ते भारतच्या पाठीला न टेकवता वरच्यावर धरलं.

"आत्याबाई, इकडं या. आई आल्यात का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पण आल्या असतील तर बनियानाच्या भोकातून आल्यात."

सुमनबाईंनी पदरानं चष्मा पुसला. एकेका भोकात डोळा घालून पाहिलं.

"ह्या भोकाचा डाग कुठाय?"

"हा काय."

"अन् ह्या दोघांचे?"

"हे, खाली. जुळ्यावाणी."

"अन् जिथं कापड धड हाय तिथं?"

"तिथं फकस्त जरा तापलंय. डाग न्हाई."

सरजाबाईनंही वाकून पाहिलं. "आईला दुसरी वाट नव्हती का यायला?"

सुमनबाईंनी चपला घातल्या.

"ही आई न्हाई," त्या म्हणाल्या. "ऊन हाय. उनाला सुई चालती. सरजे, सिद्धोधनला म्हण, ऑटो काढ."

भोकाबाहेर

भारतला पाठ टेकवता येईना. ऑटोत तो सासू-सुनेच्या मांडीवर आडवा, पालथा. पाठीवर ओलं फडकं. सुमनबाईंच्या हातात नारळ, असू द्यावा म्हणून.

बोरीच्या दवाखान्यात डॉक्टर सुकेशनी होत्या. त्यांनी सलाईन लावलं, ताप पाहिला आणि विचारलं, "बरळायला कधी लागले?"

"आमाला वाटलं भाकीत करायलाय," सुमनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

"पण काळ्या माणसाला ऊन भाजतं का हो?"

"भाजतं, आजी. गोऱ्यासारखं लालभडक दिसत नाही एवढंच. म्हणून हात लावून बघायचं. कातडी गरम, ताणलेली, हात लावला की माणूस ओरडतो. नुसतं तेवढंच असेल तर घरी गार पाण्याचं फडकं ठेवायचं, पाणी पाजायचं, सावलीत झोपवायचं. पण असे फोड आले, ताप-थंडी भरली, उलटी झाली, लघवी बंद झाली, तर लगेच आणायचं. बरळायला लागला तर एक क्षण थांबायचं नाही."

"तूप लावू का?"

"नको."

"टूथपेस्ट? सरजाबाई म्हणती."

"नको. बर्फ पण नको. फोड फोडायचे नाहीत. पुढं पू झाला तर परत यायचं."

"मग कडुलिंब?"

"दाराला राहू द्या."

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा भारतनं डोळे उघडले. त्यानं लघवीला जायचं म्हटलं. दैवशालाला इतका आनंद झाला की तिनं ही बातमी दवाखान्याबाहेर सिद्धोधनलाही सांगितली.

खाटेवर परत आल्यावर भारत कुशीवर पडला आणि आईकडं बघत म्हणाला, "मला जरा दहीभात आणा म्हणावं. देवीला भूक लागलीय."

सुमनबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. त्या पदरात तोंड घालून रडल्या, मग नाक पुसून म्हणाल्या, "गप पड मेल्या. तुझ्या सगळ्या कुरडया वानरांनी नेल्या."

त्या दिवशी सकाळी दैवशालानं ते बनियान फरशी पुसायला काढून ठेवलं होतं; भारतनं तेच उचलून अंगात घातलं.